ग्रह गिळला हे खरं, तारा फुगला हे नव्हे

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

विषय: मे २०२३ मधल्या एका बातमीची दुरुस्ती.

मे २०२३ मध्ये आपल्या दैनिकाने शेवटच्या पानावर रंगीत चित्रासह एक बातमी छापली होती. एका ताऱ्याने ग्रह गिळल्याचं माणसाने पहिल्यांदाच पाहिलं, अशी. चित्रात टम्म फुगलेला नारिंगी तारा होता आणि त्याच्या कडेला काळा ठिपका. म्हातारपणी तारा फुगतो, फुगता फुगता जवळच्या ग्रहापर्यंत पोचतो आणि त्याला पोटात घेतो, असं खाली लिहिलं होतं. मी ते कात्रण कापून आमच्या वाचनालयाच्या फलकावर लावलं. आजही ते तिथेच आहे, कडा पिवळ्या पडल्या आहेत.

ती बातमी तेव्हाच्या माहितीप्रमाणे बरोबर होती. आता ती बरोबर राहिलेली नाही. एप्रिल २०२५ मध्ये अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीची निरीक्षणं जाहीर झाली आणि बातमीतला "फुगला" हा शब्द खोडावा लागला. आपल्या अंकात ही दुरुस्ती येईल म्हणून मी पाच-सहा महिने वाट पाहिली. रोजचा अंक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो, त्यामुळे नजरेतून सुटली असेल असं वाटत नाही.

मी साखर कारखान्यातला निवृत्त शिफ्ट केमिस्ट. एकतीस हंगाम प्रयोगशाळेत काढले. रसाचा ब्रिक्स (विरघळलेले घटक किती), पोल (त्यात साखर किती), शुद्धता, दर तासाला आकडे आणि दर तासाला नोंद. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एक आकडा चुकला आणि मी तो गिरवून नीट करायला गेलो, तेव्हा आमच्या चीफ केमिस्टनी हात धरला. म्हणाले, "गिरवायचं नाही. तांबड्या शाईने एकच आडवी रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी खरा आकडा लिहायचा आणि खाली सही करायची." एकतीस हंगाम मी तसंच केलं. त्याच सवयीने हे पत्र लिहितो आहे.

आधी मूळ घटना सांगतो, कारण ती सांगण्यासारखी आहे.

कॅलिफोर्नियात पॅलोमार डोंगरावर १९४८ पासून उभी असलेली एक दुर्बीण आहे. तिला २०१८ पासून एक प्रचंड कॅमेरा जोडून दर दोन-तीन रात्रींत उत्तरेचं सगळं आकाश टिपतात. काल नव्हतं ते आज दिसलं का, कालच्यापेक्षा आज काही उजळलं का, एवढंच शोधायचं. या प्रकल्पाचं नाव झ्विकी ट्रान्झिएंट फॅसिलिटी. तो ज्यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला ते कॅलटेक या कॅलिफोर्नियातल्या संस्थेचे श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म ४ ऑक्टोबर १९५६ रोजी आमच्या कुरुंदवाडचा. बालपण हुबळीत गेलं. सेकंदाला ६४२ गिरक्या घेणारा स्पंदक, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा, १९८२ मध्ये शोधणाऱ्यांत ते होते, आणि २०२४ चा खगोलशास्त्राचा शॉ पुरस्कार त्यांना मिळाला. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या या गावातल्या किती मुलांना हे माहीत आहे, ते मी शाळेत विचारून पाहिलं आहे. एकही हात वर आला नव्हता. म्हणून ते नाव या पत्रात मुद्दाम घातलं.

२०२० च्या मे महिन्यात त्या कॅमेऱ्याला गरुड तारकासमूहात एक तारा आठ-दहा दिवसांत शंभर पटीने उजळलेला सापडला. गरुडातला ठळक तारा म्हणजे आपला श्रवण. त्या बाजूला, पण श्रवणाच्या कितीतरी मागे, १२ हजार प्रकाशवर्षांवर. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले किशलय डे खरं तर दुसऱ्याच गोष्टीच्या शोधात होते. एक तारा शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेतो आणि भडकतो, त्याला नोव्हा म्हणतात. ते नोव्हा शोधत होते. नोव्हाभोवती तापलेला वायू असतो. इथे हवाईमधल्या केक दुर्बिणीने वर्णपट घेतला, म्हणजे उजेड रंगांत फोडून पाहिला, तर त्यात निघाले रेणू, जे फक्त थंडाव्यात टिकतात. भडका उडालाय आणि भोवती थंडावा आहे, हे कोड्यात टाकणारं होतं.

मला इथे माझा पोलारीमीटर आठवतो, रसातली साखर उजेडाने मोजायचं यंत्र. त्याच्या दिव्यात सोडियम असायचं आणि उजेड ठरलेल्या पिवळ्या रंगाचा पडायचा, दुसरा पडणं शक्यच नाही. प्रत्येक मूलद्रव्याची, प्रत्येक रेणूची रंगांत अशी सही असते. १२ हजार वर्षं प्रवास करून आलेल्या उजेडातही ती सही पुसलेली नसते. रसाचा नमुना हातात नसताना फक्त त्याच्या उजेडावरून त्यात काय आहे ते सांगायचं, याचं मला केमिस्ट म्हणून आजही नवल वाटतं.

दोन तारे एकमेकांत मिसळले की साधारण असाच तांबूस, थंड धुरळा उठतो. २००८ साली वृश्चिक राशीत अशी एक जोडी एकरूप झाली, तिचा अभ्यास झालेला होता. त्यामुळे इथेही दोन ताऱ्यांचं मीलन असेल असं आधी वाटलं. पण अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण टिपणाऱ्या दुर्बिणींनी धुळीची ऊब मोजली आणि सगळ्या ऊर्जेची बेरीज केली, तेव्हा ती ताऱ्यांच्या मीलनात निघते त्याच्या हजाराव्या हिश्श्याइतकीच भरली. म्हणजे आत पडलेली वस्तूही ताऱ्याच्या हजाराव्या हिश्श्याची असणार. आपल्या गुरूचं वस्तुमान सूर्याच्या साधारण हजारावा भाग आहे. इथे उत्तर सापडलं: पडला तो ग्रह होता, गुरूसारखा. संशोधनात त्याची वरची मर्यादा गुरूच्या दहापट धरली आहे. मे २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्याआधी ताऱ्यांनी ग्रह गिळल्याच्या खुणा मागाहून सापडत होत्या, प्रत्यक्ष गिळताना कोणी पाहिलं नव्हतं.

(आपल्याकडे ग्रहणात राहू सूर्याला गिळतो असं म्हणत आलो. "ग्रह" या शब्दाचाच अर्थ धरणारा, पकडणारा. त्या ग्रहालाच सूर्य धरतो हे ऐकून आमच्या वाचनालयातले ऐंशीच्या पुढचे एक गृहस्थ बराच वेळ गप्प बसले होते.)

आता दुरुस्ती.

तारा फुगला म्हणजे नेमकं काय होतं, तर त्याच्या गाभ्यातला हायड्रोजन संपत आला की गाभा आकसतो, बाहेरचे थर पसरतात आणि तो तांबडा राक्षसी तारा बनतो. असा तारा पृष्ठभागावर थंड असला तरी आकाराने इतका मोठा असतो की एकूण उजेड प्रचंड देतो. गरुडातल्या या ताऱ्याने फुगून ग्रह गिळला असता, तर तोही तसाच उजळ दिसायला हवा होता. वेब दुर्बीण अवरक्त किरणांत बघते, ते किरण धुळीतून पार होतात. तिने धुळीच्या पडद्यामागचा तो एकटा तारा मोजला, आणि तो राक्षसी ताऱ्याच्या मानाने फारच मंद निघाला. खोलीत दोनशेचा बल्ब लागलाय की झिरोचा, हे पातळ पडद्याबाहेरूनही कळतं. हा झिरोचा होता. तारा फुगलेलाच नव्हता. सूर्याहून थोडा लहान, आपल्या मध्यम वयात शांत बसलेला.

मग ग्रह आत गेला कसा? तो आपणहून गेला. बुध सूर्याच्या जितका जवळ आहे त्याहूनही जवळून तो फिरत होता, आणि लाखो वर्षं त्याची कक्षा हळूहळू आत सरकत होती. शेवटी तो ताऱ्याच्या बाहेरच्या विरळ वायूला घासू लागला. एकदा घासायला लागल्यावर मात्र उशीर झाला नाही. घर्षणाने वेग गेला, ग्रह आणखी खोल गेला, तिथे वायू आणखी दाट, घर्षण आणखी जास्त. या पडण्यात ताऱ्याचे बाहेरचे थर उडाले, दूर गेल्यावर निवून त्यांची धूळ झाली. भडका दिसायच्या जवळजवळ वर्षभर आधीपासून तिथे अवरक्त उजेड वाढू लागला होता, हे जुन्या नोंदी चाळल्यावर आढळलं. आज ताऱ्याच्या दूर भोवती थंड धुळीचा ढग आहे. अगदी जवळ तापलेल्या वायूचं कडं आहे आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड सापडला आहे.

ही दुरुस्ती मला इतकी का लागून राहिली, तेही सांगतो. २८ फेब्रुवारी २०२४ ला विज्ञान दिनानिमित्त मी इथल्या एका शाळेत नववीच्या ४३ मुलांसमोर बोललो. आपलं कात्रण हातात धरून. फुगा फुगवून दाखवला आणि शेजारी ठेवलेली गोटी त्याने कशी ढकलली ते दाखवलं. मुलांना फार आवडलं. ती मुलं आता त्या शाळेत नाहीत. दहावी होऊन कोणी जयसिंगपूरला अकरावीत आहे, कोणी इचलकरंजीला आयटीआयला, एक मोबाइलच्या दुकानात, एक ट्रॅक्टरवर. एप्रिलपासून मला त्यांतली तीनच भेटली.

तिसरी परवा दिवाळीच्या सुट्टीत जयसिंगपूरच्या एसटी स्टँडवर भेटली. अकरावी सायन्सला आहे. मला ओळखून स्वतःहून जवळ आली आणि म्हणाली, "सर, तो तारा मला अजून आठवतोय, फुगून फुगून ग्रह खाल्लेला."

मी म्हटलं, "अगं, तो फुगलाच नव्हता."

कुरुंदवाडची गाडी लागली, आम्ही एका बाकावर बसलो. मी वरचं सगळं सांगितलं. ऐकून तिने विचारलं, "मग तेव्हा तसं का सांगितलंत?"

"तेव्हा सगळ्यांना तसंच वाटत होतं. मलाही."

"मग आता सांगताय ते तरी खरं कशावरून?"

संपादक महोदय, तिचा हा प्रश्न अगदी रास्त होता. मी तिला बल्बचं सांगितलं: कुणाला काय वाटतं ते सोड, ताऱ्याचा उजेड मोजलाय, तो आकडा फुगलेल्या ताऱ्याशी जुळत नाही. उद्या कोणी याहून बारीक मोजेल आणि त्याने आजच्या आकड्यावरही रेघ मारली, तर ती मान्य करायची. तिला हे पटलं की नाही कळलं नाही, पण तिने पुढचा प्रश्न विचारला, "पण कक्षा आत का सरकली? आपली पृथ्वी नाही सरकत."

शिरोळ येईपर्यंत आम्ही त्यावर बोलत होतो. तिच्या घरी म्हशी आहेत म्हणून मी रेडकाचं उदाहरण दिलं. खुंट्याला बांधलेलं रेडकू एकाच बाजूने फिरत राहिलं की दावं खुंट्याला गुंडाळत जातं आणि शेवटी त्याचं तोंड खुंट्याला टेकतं. खुंटा तेवढाच असतो, तो फुगत नाही. एवढ्यावर थांबलो असतो तर पुन्हा एक चुकीचं चित्र तिच्या डोक्यात घालून मोकळा झालो असतो, म्हणून पुढचंही सांगितलं. इथे दावं म्हणजे गुरुत्वाकर्षण, आणि ते आखूड करते ती भरती. चंद्रामुळे रत्नागिरीच्या समुद्राला येते तीच. जवळून फिरणारा ग्रह ताऱ्याच्या वायूला भरती आणतो, ताऱ्यावर एक फुगवटा उठतो. ग्रहाची फेरी दिवसा-दोन दिवसांत होते. तारा स्वतःभोवती सावकाश फिरतो, आपल्या सूर्याला पंचवीस-सव्वीस दिवस लागतात. त्यामुळे फुगवटा ग्रहाच्या मागे पडतो आणि मागून त्याला ओढत राहतो. ओढ इवलीशी, पण ती कधी सुटत नाही. चंद्राचं नेमकं उलटं आहे. पृथ्वी चोवीस तासांत गिरकी घेते, म्हणून आपला फुगवटा चंद्राच्या पुढे जातो आणि त्याला पुढे खेचतो. चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटरने लांब जातो आहे.

"म्हणजे चंद्राचं दावं सैल होतंय," ती म्हणाली. एवढं एक वाक्य त्या मुलीकडून ऐकायला मिळालं, दिवाळी सार्थकी लागली.

हे आत सरकणं आज चालू असलेलं मोजताही येतं. सारथी तारकासमूहात साधारण १,४०० प्रकाशवर्षांवर वास्प-१२बी नावाचा ग्रह आहे, २००८ मध्ये शोधलेला. फेरीला जेमतेम २६ तास. त्याची फेरी दरवर्षी २९ मिलिसेकंदांनी लहान होते. २९ मिलिसेकंद म्हणजे पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. मग हे कळलं कसं? मी वहीत मांडून पाहिलं. दहा वर्षांत त्याच्या सुमारे ३,३५० फेऱ्या होतात. दहाव्या वर्षी फेरी ०.२९ सेकंदाने लहान, म्हणजे सरासरी ०.१४५ सेकंदाने. गुणाकार केला की ४८५ सेकंद येतात. म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या वेळापत्रकाप्रमाणे वाट बघणाऱ्याला तो ग्रह आठ मिनिटं आधीच ताऱ्यासमोर आलेला दिसेल. आठ मिनिटं साध्या घड्याळानेही कळतात. या गतीने त्याच्याकडे तीस लाख वर्षं उरली आहेत. हा आकडा मुलांना सांगावा, गणिताच्या तासाला फळ्यावर सोडवून घ्यावा असं मला फार वाटतं. यात आठवीपलीकडचं काही लागत नाही.

आणखी एक शोध, थोडक्यात. एकाच मेघातून एकत्र जन्मलेल्या जुळ्या ताऱ्यांचं रसायन सारखं असायला हवं, जशी एकाच पॅनच्या दोन पोत्यांतली साखर. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या फॅन लिऊ यांच्या चमूने अशा ९१ जोड्या तपासल्या. सुमारे आठ टक्के जोड्यांत एका ताऱ्यात जुळ्यापेक्षा लोखंडासारखे जड घटक जास्त निघाले. ग्रह गिळल्याची ती खूण. बारा जोड्यांत एक! जे १२ हजार प्रकाशवर्षांवर एकदा पाहिलं, ते काही अपूर्व नाही, आकाशात घडत आलेलं आहे.

आपल्या सूर्याचंही लिहितो, कारण लोक तेच विचारतात. सूर्य साधारण ४६० कोटी वर्षांचा आहे. आणखी ५०० कोटी वर्षांनी तो खरोखर फुगेल, म्हणजे आपल्या २०२३ च्या चित्रातला प्रसंग सूर्याच्या बाबतीत खरा ठरेल. त्यात बुध आणि शुक्र जातील. पृथ्वीचं मात्र ओढाताणीचं आहे. फुगलेला सूर्य आपलं वस्तुमान वाऱ्यावर उधळेल, पकड सैल होईल आणि पृथ्वी लांब सरकेल. त्याच वेळी वर सांगितलेली भरती तिला आत ओढेल. २००८ मध्ये केलेल्या एका मोठ्या हिशोबात भरती जिंकली, पृथ्वी आत गेली. पण त्याआधी बरंच घडून गेलेलं असेल. सूर्य दर शंभर कोटी वर्षांत सुमारे दहा टक्क्यांनी उजळ होत जातो, आणि पुढच्या शंभर कोटींच्या आसपासच आपले समुद्र आटतील. म्हणून "सूर्य पृथ्वीला गिळणार" असा मथळा देताना वर्षांचा आकडा मथळ्यातच द्यावा, बातमीच्या शेवटी नको. माझ्या शेजारच्या बाई असा मथळा वाचून खरोखर घाबरल्या होत्या. त्यांच्या घाबरण्याला हसण्यासारखं त्यात काही नाही. आकडा मथळ्यात असता तर त्या घाबरल्या नसत्या.

अशा बातम्या आता वारंवार येतील. चिलीमध्ये व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये पहिली छायाचित्रं दिली. ती दक्षिणेचं आकाश पुन्हा पुन्हा टिपत राहणार आहे. गरुडातल्यासारखे भडके तिला बरेच सापडतील अशी अपेक्षा आहे. त्यांतल्या काही ताऱ्यांनी फुगून ग्रह गिळलेला असेल, काहींत ग्रह घरंगळत आत गेलेला असेल. पहिल्याच उदाहरणाची नोंद आपल्या वाचकांच्या मनात चुकीची राहू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

तेव्हा विनंती अशी. २०२३ च्या बातमीला जेवढी जागा दिली होती तेवढीच दुरुस्तीला द्यावी, त्याच शेवटच्या पानावर आणि चित्रासकट. चित्रात तारा लहानच दाखवावा आणि ग्रहाची कक्षा आत आत येणारी. माझं पत्र लांबलं आहे, आपण कापलंत तरी माझी तक्रार नाही. फक्त वेब दुर्बिणीचा परिच्छेद कापू नका. त्या ४३ मुलांतली ४० मला भेटणं आता कठीण आहे. पण त्यांच्या घरी, दुकानात, चहाच्या टपरीवर आपला अंक येतो.

वाचनालयाच्या फलकावरचं जुनं कात्रण मी काढलेलं नाही. "फुगून" या शब्दावर तांबड्या शाईने एक आडवी रेघ मारली आहे, खालचा शब्द वाचता येतो. शेजारी दोन कॉलम रुंदीची जागा मोकळी ठेवली आहे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिफ्ट केमिस्ट
कुरुंदवाड, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर